लॉकची दुरुस्ती झाली, तरी गाडीचं दार नीट लागत नाही: बिघाड कुठे शोधायचा

लॉक दुरुस्त करून आणलं, थोडे दिवस बरे गेले आणि तेच दार पुन्हा त्रास द्यायला लागलं, अशी गाडी माझ्या गॅरेजमध्ये पाऊस सुरू झाला की हमखास येते. "दादा, परवाच नवीन लॉक टाकलंय, तरी आपटल्याशिवाय दार लागत नाही." कुणाचं दार आतून उघडतं पण बाहेरून नाही. कुणाचं रिमोटने लॉक होतं आणि लगेच अनलॉक होतं. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, अख्खं लॅच, म्हणजे दार धरून ठेवणारी यंत्रणा, बदलायचं का?

बदलायच्या आधी दार उघडं ठेवून ते तपासा, एवढंच माझं सांगणं. दुरुस्तीनंतर बिघडलेल्या दारात लॅच स्वतः खराब निघण्यापेक्षा त्याला जोडलेली सळी, क्लिप किंवा केबल चुकीची बसलेली सापडणं जास्त वेळा घडतं. लॉकचं काम करताना डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, निघालेलं असतं, सळ्या सुटलेल्या असतात, लॅचचे स्क्रू ढिले झालेले असतात. जिथे हात लागलाय तिथे आधी बघायचं.

दार धरतं कोण, अडवतं कोण

दाराच्या कडेला जी खाच दिसते तिच्या आत एक पोलादी पंजा असतो. दार लावताना गाडीच्या खांबावरची कडी, म्हणजे स्ट्रायकर, या पंज्यात शिरते आणि पंजा फिरून तिला धरतो. तो उलटा फिरू नये म्हणून एक खटका स्प्रिंगच्या जोरावर त्याच्या दातात पडतो. दात दोन असतात. पहिला आवाज आला की दार अर्धं लागलं, दुसरा आला की पूर्ण. बाहेरचं आणि आतलं हँडल यांचं काम तो खटका उचलायचं, बाकी काही नाही.

लॉक दार धरतच नाही. किल्ली, आतून लॉक करायची खुंटी आणि सेंटर लॉकची मोटर या तिघी मिळून हँडल आणि खटका यांच्यातला संबंध जोडतात किंवा तोडतात. त्यामुळे किल्लीचा सिलिंडर बदलल्यावर दार लागेनासं झालं, तर सिलिंडरच्या मागे लागून उपयोग नसतो. कुठलीतरी सळी खटक्याला थोडं उचलून धरते आहे का, पंजा आधीच फिरून बसलाय का, किंवा लॅच आपल्या जागेवरून सरकलंय का, हे बघायला हवं. हा फरक डोक्यात पक्का असला की अर्धी शोधाशोध वाचते.

अर्धं लागलेलं दार घेऊन गाडी चालवणं अजिबात चालवून घेऊ नका. दाराच्या लॅचसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ११ मध्ये पूर्ण लागलेल्या लॅचने ११,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ११२० किलोचा ओढा सहन करायला हवा असं म्हटलंय. अर्ध्या लागलेल्या लॅचसाठी तोच आकडा ४,५०० न्यूटन, म्हणजे साधारण ४६० किलो आहे. निम्म्याहूनही कमी. धडक बसली की दार उघडणं आणि माणूस बाहेर फेकला जाणं यांच्यात हा दुसरा दात उभा असतो. मागच्या सीटवर लेकरं बसत असतील तर त्या बाजूचं दार दोरीने बांधून, "उद्या बघू" म्हणत गाडी फिरवू नये.

दार उघडं ठेवून करायची तपासणी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, दार पूर्ण उघडं. एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या. कडेच्या खाचेतला पंजा, दार लागताना तो ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हळूच ढकला. टक्, आणि अजून ढकलला की पुन्हा टक्. दोन आवाज स्वच्छ यायला हवेत. आता स्क्रूड्रायव्हरनेच पंजा उलटा फिरवायचा प्रयत्न करा. तो हलता कामा नये.

मग बाहेरचं हँडल ओढा. पंजा झटक्यात उघडायला हवा, रेंगाळत नाही. पुन्हा दोन्ही दात लावून आतल्या हँडलने तेच करा. पुन्हा लावून खुंटी दाबा, बाहेरचं हँडल ओढा. आता पंजा सुटायला नको. आतलं हँडल काही गाड्यांत लॉक असतानाही दार सोडतं, ती त्या गाडीची रचना असते, तेव्हा तेवढ्यावरून बिघाड ठरवू नका. शेवटी किल्लीने उघडून पाहा.

तपासणी संपली की हँडल ओढून पंजा मोकळा करा आणि मगच दार लावा. पंजा फिरलेला असताना दार आपटलं तर तो सरळ स्ट्रायकरवर आदळतो आणि लॅचही जातं, स्ट्रायकरही वाकतो. "दार लागतच नाही, परत उसळतं" म्हणून आलेल्या काही गाड्यांत एवढंच झालेलं असतं. पॅड काढलेलं असताना कुणीतरी बोटाने पंजा फिरवलेला, आणि मालक बिचारा दार आपटत बसलेला.

स्क्रूड्रायव्हरने सगळं नीट चालतंय पण दार लावल्यावर अडतंय, तर दोष लॅचमध्ये नाही, ते आणि स्ट्रायकर एकमेकांसमोर येत नाहीत. स्क्रूड्रायव्हरनेही अडतंय, तर पॅड काढावंच लागेल.

सळ्या आणि क्लिपा

पॅड काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि काही मिनिटं थांबा. काही गाड्यांच्या पुढच्या दारात साइड एअरबॅगचा सेन्सर असतो, त्याच्या आसपास चालू करंटमध्ये कनेक्टर ओढू नयेत. पॅडचे स्क्रू आतल्या हँडलच्या मागे आणि आर्मरेस्टच्या खोबणीत छोट्या झाकणाखाली लपलेले असतात. ते निघाल्यावर कडेच्या प्लास्टिक बटणांना एकेक करून ढिलं करा. सरळ खेचलं की पॅडची भोकं फाटतात आणि मग ते आयुष्यभर खडखडतं.

आत बघायची पहिली गोष्ट म्हणजे सळ्यांच्या टोकाच्या प्लास्टिक क्लिपा. सळीचं वाकवलेलं टोक लिव्हरच्या भोकात जातं आणि क्लिप फिरून सळीवर चिमटा बसवते. क्लिप पूर्ण फिरली नसेल तर पहिले काही दिवस काम चालतं, मग खड्ड्यातल्या एखाद्या दणक्याने सळी सुटते. "दुरुस्तीनंतर थोडे दिवस ठीक होतं" असं कुणी सांगितलं की माझा हात आधी क्लिपेकडे जातो. जुनी क्लिप एकदा काढली की तिचा चिमटा सैल होतो, म्हणून नवीन घाला. किमतीने ती अगदी किरकोळ असते. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्लिपा बऱ्याच गाड्यांत वेगळ्या असतात, दुकानदाराला बाजू सांगा. क्लिप मिळाली नाही म्हणून बाइंडिंग वायर गुंडाळायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती वायर लिव्हरमध्ये अडकते आणि एक दिवस दार बंदच राहतं. मला ती मान्य नाही.

मग सळीची लांबी. बाहेरच्या हँडलची सळी जास्त ताणून बसवली, तर हँडल मोकळं असतानाही ती खटक्याला थोडी उचलून धरते. दार एखाद्या वेळी लागतं, एखाद्या वेळी उसळतं, आणि स्पीडब्रेकरवर दार उघडं असल्याची खूण लागते. हँडल ओढताना सुरुवातीचा थोडा भाग मोकळा जायला हवा, लगेच जोर लागला तर सळी ताणलेली आहे. उलट फार सैल असेल तर हँडल पूर्ण ओढूनही खटका सुटत नाही. खात्री करायची सोपी रीत अशी, की ती सळी हँडलकडून सोडा आणि स्क्रूड्रायव्हरची तपासणी पुन्हा करा. आता दोन्ही आवाज स्वच्छ आले तर लॅच निर्दोष आहे. काही गाड्यांत सळीच्या टोकाला आटे आणि प्लास्टिकची फिरती नळी असते, तिने लांबी जुळवा. आटे नसतील तर पक्कडीने सळी वाकवू नका. तिला कारखान्यात जे बाक दिलेत ते काचेच्या चॅनलला चुकवण्यासाठी असतात.

त्याच कारणाने काच पूर्ण वर करून आणि पूर्ण खाली करून, दोन्ही स्थितींत लॉक-अनलॉक करून पाहा. काच एका जागी असताना दार उघडतं आणि दुसऱ्या जागी नाही, असं दिसलं तर सळी काचेच्या चॅनलच्या चुकीच्या बाजूने गेली आहे. हे पॅड लावल्यावर कधीच कळत नाही.

आतलं हँडल बहुतेक नव्या गाड्यांत केबलने चालतं. केबलच्या बाहेरच्या नळीचं टोक खाचेत 'कट' असा आवाज होईपर्यंत बसावं लागतं. नुसतं टेकलं असेल तर हँडल ओढल्यावर आतली तार न सरकता नळीच सरकते. मागचं दार फक्त आतून उघडत नसेल तर मात्र पॅडला हात लावण्याआधी दाराच्या कडेवरचा चाइल्ड लॉकचा छोटा लिव्हर बघा. दार धुताना पुसताना तो फिरतो.

लॉक होतं आणि लगेच सुटतं

चारही दारं मंद चालत असतील तर बॅटरीकडे बघा. एकच दार रुसलं असेल तर त्या दाराकडे.

लॉक होऊन लगेच अनलॉक होणं, हे बहुधा ड्रायव्हरच्या दाराचं दुखणं. बाहेरून बसवलेल्या सेंटर लॉकमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या मोटरला पाच वायरी असतात, बाकी दारांच्या मोटरला दोन. त्या जास्तीच्या तीन वायरी आतल्या स्विचच्या, दार लॉक आहे की नाही हे त्या कंट्रोल युनिटला कळवतात. मोटरची सळी तिरकी बसली आणि लॉकचा हिसका पूर्ण झाला नाही, तर स्विच म्हणतो अनलॉक, आणि युनिट सगळी दारं पुन्हा उघडतं. मोटरची सळी सोडून खुंटी हाताने वरखाली करा. ती दोन्ही टोकांपर्यंत लोण्यासारखी जायला हवी. जात असेल तर मोटरची पट्टी सैल करून ती लॉकच्या सळीच्या सरळ रेषेत आणा आणि मोटर मधल्या स्थितीत असताना सळीही मधल्या स्थितीत असेल अशी आवळा. आणि ड्रायव्हरच्या दाराला कुणी स्वस्तातली दोन वायरींची मोटर लावली असेल, तर त्या दाराला किल्ली लावून बाकीची दारं लॉक होणारच नाहीत, कितीही सेटिंग केलं तरी.

कंपनीने दिलेल्या सेंटर लॉकमध्ये मोटर आणि स्विच बहुधा लॅचच्या आतच असतात. तिथे आधी लॅचचा कनेक्टर पूर्ण बसलाय का पाहा. दार बंद असूनही आतला दिवा जळत राहतो, दार उघडं असल्याची खूण जात नाही, तर संशय याच कनेक्टरवर.

दार एका ठराविक कोनात उघडल्यावरच लॉक चालत नसेल तर दार आणि खांब यांच्यामधला रबरी बूट सरकवून वायरी बघा. दर वेळी दार उघडताना त्या तिथेच वाकतात, आणि वरचं आवरण शाबूत असताना आतलं तांबं तुटलेलं असतं. वायर हलकेच ओढली की तुटलेली जागा रबरासारखी लांबते. तिथे नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका, तुकडा कापून नवीन वायरचा सांधा सोल्डर करा आणि तो वाकणाऱ्या जागेपासून लांब ठेवा.

एक गोष्ट बिघाड नसते. रिमोटने अनलॉक करून ठराविक वेळात दार उघडलं नाही, तर अनेक गाड्या आपणहून परत लॉक होतात.

स्ट्रायकर सर्वांत शेवटी

दार अडलं की लगेच स्ट्रायकर सरकवायचा मोह होतो, कारण तो समोर दिसतो आणि त्याला दोनच स्क्रू असतात. पण त्याआधी दार अर्धं उघडून त्याच्या टोकाला धरून वर उचला. बिजागरीत खेळ जाणवला तर दार खाली बसलंय, आणि स्ट्रायकर खाली घेऊन फक्त दुखणं झाकलं जाईल. लॅचचे कडेचे तीन स्क्रू घट्ट आहेत का तेही पाहा. दुरुस्तीनंतर ते नीट आवळले नसतील तर लॅच दिवसागणिक सरकतं आणि मग दाराचा स्वभाव रोज बदलतो.

हे दोन्ही ठीक असेल तरच स्ट्रायकरभोवती पेन्सिलने रेघ मारा, स्क्रू थोडे सैल करा, आणि तो एकदोन मिलिमीटरच हलवा. दार हळू लावताना शेवटच्या क्षणी ते वर उचललं गेलं तर कडी उंच आहे, खाली दबलं तर खाली आहे. आत-बाहेरचं माप रबराच्या बीडिंगवर कळतं. कागदाची पट्टी बीडिंग आणि दार यांच्यामध्ये ठेवून दार लावा. पट्टी ओढताना अडखळत निघाली पाहिजे, सहज निसटली तर पाणी येणार. बीडिंग नवीन घातली असेल तर ती दबेपर्यंत दार जड लागणं साहजिक आहे, त्यासाठी स्ट्रायकर हलवू नका. स्क्रू स्टार बिटचे असतील तर योग्य मापाचा बिट घ्या. एकदा डोकं गोल झालं की तिथे ड्रिल लावायची वेळ येते.

दार बंद अवस्थेत अडकलं तर

ना आतून, ना बाहेरून. अशा वेळी ताकद लावून हँडल तोडू नका. एकाने बाहेरून दार तळहातांनी आत दाबून धरायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी हँडल ओढायचं. कडीचा पंज्यावरचा दाब कमी झाला की खटका सुटायला मोकळा होतो. जमलं नाही तर आत बसून खांद्याने दार बाहेर ढकलत हँडल ओढा. मधून मधून खुंटी वरखाली करत राहा. तरीही नाही सुटलं तर सीट मागे सरकवून, दार बंद असतानाच पॅड सोडवावं लागतं. ते काम सवयीच्या माणसाकडे द्या.

पाणी, माती आणि चुकीचं तेल

कोकणात तोच बिघाड पुन्हा पुन्हा येण्याचं मोठं कारण पॅडच्या मागे असतं. तिथे प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट गोंदाने चिकटवलेला असतो. काचेच्या फटीतून पाणी दारात शिरणं नेहमीचंच, ते या कागदाच्या पलीकडून खाली उतरून दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना असते. लॉकचं काम करताना हा कागद फाडतात, आणि तसाच लोंबकळत ठेवतात. मग पाणी पॅडवर, स्पीकरवर, मॅटवर येतं, पॅड फुगतं. तळाची भोकं चिखलाने बुजली असतील तर पाणी दारातच साठतं, लॅचवर गंज धरतो, मोटर जाम होते. नवी मोटर टाकली तरी पुढच्या पावसात तीही जाते. म्हणून भोकं काडीने मोकळी करा, कागद पुन्हा चिकटवा, फाटला असेल तर नवीन कापून लावा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्यांपैकी एखादी घेतली असेल, तर लॅच काढून धुतल्याशिवाय तिच्या दारावर भरवसा ठेवू नका. पुराचा बारीक गाळ वाळून स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत बसतो.

डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारला की दार त्या दिवशी छान चालतं. तो गंज सोडवायला आणि मळ धुवायला चांगला आहे, पण लॅचमधलं जुनं ग्रीसही त्याने धुऊन जातं, आणि काही आठवड्यांत लॅच कोरडं पडतं. स्प्रेने धुवा, पुसा, मग पंज्यावर आणि खटक्यावर पांढरं लिथियम ग्रीस लावा. किल्लीच्या भोकात ग्रीस किंवा तेल नको, तिथे लाल माती चिकटून लगदा होतो. ग्राफाइटची पूड घाला.

लॅच बदलायचं केव्हा

सगळ्या सळ्या सोडल्यावरही पंजा दुसऱ्या दातावर थांबत नसेल, खटका परत खाली पडत नसेल, धुऊन ग्रीस करूनही तो सुस्त असेल, तर लॅच बदला. आत स्प्रिंग तुटलेली असते किंवा तिची खुंटी. हे नव्या गाड्यांतही होतं. फोर्डने २०१६ मध्ये अमेरिकेत याच दोषासाठी लाखो गाड्या परत बोलावल्या. खटक्याच्या स्प्रिंगची खुंटी उष्णतेत तुटू शकत होती, म्हणून सुरुवात उष्ण राज्यांपासून झाली. २०२० मध्ये त्यातल्या वीस लाखांहून अधिक गाड्या पुन्हा तपासायला घेतल्या गेल्या, कारण आधीच्या खेपेला लॅच बदललंच नाही किंवा बरोबर बदललं नाही अशी शक्यता होती. तेव्हा गॅरेजमधून गाडी घेताना जुना भाग परत मागा, आणि नव्या लॅचवरचा नंबर डोळ्यांनी बघा. जुन्या बाजारातलं लॅच मी दाराला लावत नाही. त्याच्या खटक्याची झीज बाहेरून दिसत नाही.

नवीन लॅच बसवताना तिन्ही स्क्रू आधी हाताने लावा, सळ्या जोडा, मग स्क्रू आवळा. पॅड लावायच्या आधी बॅटरी जोडून किल्ली, खुंटी, रिमोट, दोन्ही हँडल, काच वर, काच खाली, असं सगळं दार उघडं ठेवून पुन्हा पुन्हा चालवा. मग पंजा मोकळा करून दार लावा, पहिल्या दातावर थांबवून ओढून बघा, दुसऱ्यावर ओढून बघा. गाडी खडबडीत रस्त्यावर एक चक्कर फिरवून आणा, आल्यावर क्लिपांवर नजर टाका, कागद चिकटवा आणि त्यानंतर पॅड लावा.